मंडळाच्या बैठकीत तीन पिढ्यांनी एकमेकांशी कसे बोलावे

मध्य मुंबईतील एका जुन्या चाळीच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा मी सहा वर्षे चिटणीस होतो. त्या काळातील एक बैठक मला अजून लख्ख आठवते. जुलैचा महिना होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि विषय होता विसर्जन मिरवणुकीच्या वाद्याचा. पोरांना डीजे हवा होता, ज्येष्ठांना बेंजो. चाळीस मिनिटे आवाज चढत गेले, दोन जण उठून गेले, आणि शेवटी चहा आला तेव्हा कळले की पोरांनी आठवड्यापूर्वीच व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेऊन डीजेवाल्याला सात हजारांचा इसार देऊन टाकला होता. आणि कट्ट्यावर बसणाऱ्या अण्णांनी त्याच्याही आधी आपल्या ओळखीच्या बेंजो पार्टीला तोंडी शब्द दिला होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी निर्णय आपापल्या जागी घेऊन झाला होता आणि बैठकीला ते केवळ जाहीर करण्यासाठी आले होते. त्या वर्षी बेंजो वाजला, सात हजार बुडाले, आणि इतिवृत्तात मी निमूटपणे ‘सर्वानुमते’ असे लिहिले.

मंडळात साधारणपणे तीन पिढ्या असतात. सत्तरीच्या आसपासचे सल्लागार, चाळिशी-पन्नाशीचे पदाधिकारी आणि कॉलेजातील किंवा नुकतेच नोकरीला लागलेले कार्यकर्ते. त्यांच्यातील भांडणाला आपण सरसकट ‘जनरेशन गॅप’ म्हणून मोकळे होतो. मला त्या बैठकीनंतर असे वाटू लागले की आवडीनिवडीतील फरक हा त्या भांडणाचा लहानसा भाग असतो. खरे दुखणे असते ते निर्णय कुठे झाला आणि तो आपल्याला कोणाकडून, कधी कळला याचे. म्हणून बोलणे सुधारायचे असेल तर ‘एकमेकांना समजून घ्या’ असे सांगत बसण्यापेक्षा निर्णयाची जागा एक करण्यापासून सुरुवात करावी. पुढे जे सांगतो आहे ते आमच्या मंडळात टक्केटोणपे खाऊन ठरले. गृहनिर्माण संस्था, वाचनालय, भजनी मंडळ अशा कोणत्याही मिश्र वयाच्या गटाला थोड्या फेरफाराने ते लागू पडावे.

आधी निर्णय कुठे होतात ते शोधा

उत्सवाला तीन-चार महिने असताना एक कोरा कागद घ्यावा आणि गेल्या वर्षीचे दहा मोठे निर्णय त्यावर लिहावेत: मूर्तिकार कोण, मूर्ती किती फुटांची, मांडव कोणाचा, वर्गणीची किमान रक्कम, सजावटीचा विषय, वाद्य, महाप्रसादाचा दिवस, स्मरणिकेच्या जाहिराती, सांस्कृतिक कार्यक्रम आणि विसर्जनाचा मार्ग. प्रत्येकापुढे तो निर्णय प्रत्यक्षात कुठे झाला ते प्रामाणिकपणे नोंदवावे. आमच्या कागदावर चार निर्णय कट्ट्यावर झालेले निघाले, तीन ग्रुपवर, दोन मूर्तिकाराच्या कार्यशाळेत उभ्या उभ्या, आणि महाप्रसादाचा निर्णय गच्चीवर पापड वाळवताना बायकांनी घेतलेला. बैठकीच्या वाट्याला एकही नव्हता. हा कागद बैठकीत वाचून दाखवला तेव्हा दोन्हीकडचे लोक हसले, आणि त्या हसण्याने पुढचे काम बरेच सोपे झाले.

त्यानंतर एकच नियम करावा. ठरावीक रकमेवरचा कोणताही इसार बैठकीतील नोंदीशिवाय द्यायचा नाही आणि कोणालाही तोंडी शब्द द्यायचा नाही. आम्ही ही रक्कम पाच हजार ठेवली. आपल्या मंडळाच्या ऐपतीप्रमाणे ती ठरवावी. कट्ट्याला बंदी घालू नये, ग्रुपवरील मतदानालाही घालू नये. कट्टा बंद करणे कोणाच्या बापाला जमलेले नाही. फक्त दोन्ही ठिकाणी ठरते ती शिफारस, निर्णय नव्हे, एवढे सर्वांना स्पष्ट असावे.

सूचना एकच, पण दोन ठिकाणी

बैठकीची सूचना जिन्याखालच्या फळ्यावर आणि ग्रुपवर एकाच दिवशी, एकाच शब्दांत गेली पाहिजे. फळ्यावर एक आणि ग्रुपवर दुसरेच अशी सूचना गेली की दोन बैठका भरतात, खोली एक असली तरी. सूचना देवनागरीत लिहावी. पोरे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात ते ज्येष्ठांना अडखळत वाचावे लागते आणि आपल्याला मुद्दाम वगळले अशी भावना तेथूनच सुरू होते. विषय नुसता ‘मिरवणूक’ असा न लिहिता प्रश्नाच्या रूपात लिहावा: ‘मिरवणुकीत वाद्य कोणते, खर्च किती, आणि चौकातून आपण किती वाजेपर्यंत पुढे निघायचे?’ प्रश्न वाचून माणूस उत्तर घेऊन येतो. नुसता शब्द वाचून जुना राग घेऊन येतो.

वेळेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. ज्येष्ठांना संध्याकाळी सहा सोयीचे, नोकरदार पोरे लोकलने घरी पोहोचतात नऊला, आणि नऊ म्हणजे बायकांची जेवणे वाढण्याची वेळ. आम्ही रविवारी सकाळी अकरा ही वेळ धरली. विरार-डोंबिवलीला राहायला गेलेली, पण वर्गणी आणि आरती अजून इथेच असलेली कुटुंबेही त्या वेळी येऊ शकतात.

ग्रुपबद्दल आणखी एक सांगायचे तर सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवावा आणि त्यात फक्त चिटणिसाने लिहावे. सुप्रभाताची फुले आणि सुविचार यांच्या ढिगाऱ्यात बैठकीची सूचना गाडली गेली की ‘मला कोणी सांगितलेच नाही’ हे वाक्य खरे ठरते. अंगठ्याच्या चिन्हाचा अर्थही ठरवून टाकावा. एका वर्षी आमच्या आप्पांनी सजावटीच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर अंगठा टाकला. पोरांनी त्याला मंजुरी मानले आणि थर्माकोलऐवजी घ्यायच्या पुठ्ठ्याची मागणी नोंदवून टाकली. आप्पांच्या लेखी तो अंगठा म्हणजे ‘पोहोचले’ एवढाच होता. तेव्हापासून आम्ही ‘वाचले’ आणि ‘मान्य’ असे दोन शब्द टंकायचे ठरवले. आणि कोणालाही फटकारायचे असेल तर ते ग्रुपवर नको. फोन करावा किंवा जिन्यात गाठावे. चारचौघांत झालेला अपमान विशीतला मुलगा विसरत नाही आणि सत्तरीतला गृहस्थ तर मुळीच विसरत नाही.

बैठकीत आधी कोण बोलेल

या बाबतीत आम्हाला २०२० सालाने शिकवले. त्या वर्षी कोरोनामुळे राज्य सरकारने मंडळांच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली होती आणि आमच्या बैठका मोबाइलच्या पडद्यावर होत होत्या. बैठकीची कळ एका एकवीस वर्षांच्या मुलीच्या हातात होती. ती एकेकाचा आवाज सुरू करी आणि बाकीच्यांचा बंद ठेवी. त्यामुळे आयुष्यात प्रथमच आमच्या सल्लागारांनी एका कार्यकर्त्याचे बोलणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकले, आणि ऑनलाइन दर्शनाची कल्पना त्यांना पटली. बैठका पुन्हा खोलीत भरू लागल्या तेव्हा ते बटण राहिले नाही, म्हणून आम्ही त्याच्या जागी एक रीत आणली: प्रत्येक विषयावर वयाने सर्वांत लहान सभासदाने प्रथम बोलायचे आणि सल्लागारांनी शेवटी.

याचे कारण साधे आहे. अण्णा आधी बोलले की त्यांच्या विरुद्ध बोलणे हे मतभेद न राहता उद्धटपणा ठरते, म्हणून पोरे गप्प बसतात आणि रात्री साडेअकराला ग्रुपवर बोलतात. उलट क्रमाने बोलले तर अण्णांना सर्वांचे ऐकून बोलावे लागते, आणि बहुतेक वेळा त्यांचे बोलणेही मवाळ झालेले असते. सल्लागारांना ही रीत आवडावी म्हणून ‘शेवटचा शब्द तुमचा’ असे सांगावे. ते खरेही आहे.

‘आमच्या वेळी असे होते’ या वाक्यावर बंदी घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या वाक्याच्या पोटात मंडळाची अर्धी अक्कल दडलेली असते. त्याऐवजी ते वाक्य उच्चारले गेले की शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणत्या वर्षीपासून, कशामुळे सुरू झाले, आणि ते कारण आज उरले आहे का? आमच्याकडे मूर्तीचा चौथरा दीड हात उंच हवा असा अण्णांचा हट्ट असे. पोरांना तो उगाच वाटे, कारण उंच चौथऱ्यामुळे सजावटीचे वर जाणारे काम आखूड करावे लागे आणि लाकडाचा खर्च वाढे. कित्येक वर्षे त्यावरून कुरबुर चालली होती. एकदा कोणी तरी खरोखरच ‘कोणत्या वर्षीपासून?’ असे विचारले आणि अण्णा म्हणाले, “दोन हजार पाच.” त्या वर्षीच्या २६ जुलैला चाळीच्या चौकात गुडघ्याएवढे पाणी भरले होते; दीड महिन्यावर गणपती होते आणि पुन्हा तसा पाऊस झाला तर मूर्तीच्या पायापर्यंत पाणी येऊ नये म्हणून त्यांनी उंची मोजून घेतली होती. चौकात पाणी अजूनही तुंबते. चौथरा राहिला, आणि नवल म्हणजे त्यानंतर त्याच्या पुढच्या बाजूला पायऱ्या कशा काढाव्यात याची कल्पना पोरांनीच मांडली. इतकी वर्षे अण्णांनी कारण सांगितले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि विचारले नव्हते कारण ते सांगणार नाहीत असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी जुन्याच्या बाजूने लागतात असे नाही. मिरवणूक मागच्या गल्लीतून न्यायची नाही ही आमची जुनी रीत लोंबत्या विजेच्या तारांमुळे पडली होती. त्या तारा जमिनीखाली जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण रीत तशीच चालू होती. ती आम्ही मोडली आणि अण्णांनीच मोडली.

हीच कसोटी पोरांच्या ‘आता सगळीकडे असेच चालते’ या वाक्यालाही लावावी. सगळीकडे म्हणजे कुठे, त्याला खर्च किती आणि बिघडले तर निस्तरायचे कोणी, हे त्यांनी एका कागदावर लिहून आणावे.

वर्गणीची वही

पिढ्यांमधील संशय सर्वांत लवकर पैशापाशी पोहोचतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे पोरांनी वर्गणीसाठी क्यूआर कोड आणला तेव्हा खजिनदार काकांनी तो साफ नाकारला. ‘काकांना मोबाइल कळत नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे झाले. काकांना मोबाइल व्यवस्थित कळत होता. त्यांचा आक्षेप असा होता की तो कोड मंडळाच्या खात्याचा नसून एका कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा होता. मुलगा सचोटीचा होता, मंडळाच्या खात्याचा कोड मिळायला वेळ लागेल म्हणून त्याने सोय केली होती, एवढेच. पण आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. बिघडले ते काकांच्या सांगण्याने. “तुमच्यावर विश्वास नाही,” असे ते म्हणाले. “मंडळाचा पैसा मंडळाच्याच खात्यात आला पाहिजे,” असे म्हणाले असते तर पंधरा दिवसांचा अबोला टळला असता.

यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे आक्षेप माणसाचे नाव न घेता कामाविषयी मांडावा, आणि तो ऐकणाऱ्याने ‘यांना कळत नाही’ असे म्हणण्यापूर्वी आक्षेप कशाला आहे ते एकदा विचारावे. कोड मंडळाच्या बँक खात्याचा करून घ्यावा. त्यानंतर उत्सवाच्या काळात रोज रात्री आरतीनंतर वीस मिनिटे एक ज्येष्ठ आणि एक तरुण अशा दोघांनी एका टेबलाशी बसावे. एकाने पावतीपुस्तकातील क्रमांक वाचावा, दुसऱ्याने मोबाइलवरची जमा तपासावी आणि वहीत दोघांनी सही करावी. या वीस मिनिटांत हिशोब तर जुळतोच, पण कोणत्या खोलीतील माणूस आजारी आहे, कोणाची नोकरी गेली म्हणून यंदा त्यांच्याकडे रक्कम मागायची नाही, हेही बोलण्यात येते. एरवी ज्यांना एकमेकांशी बोलायला विषय सापडत नाही अशा दोन वयांच्या माणसांना समोर एक काम ठेवून शेजारी बसवले की विषय आपोआप निघतात. समोरासमोर बसवून ‘आता संवाद साधा’ म्हटले तर दोघेही पंख्याकडे बघत बसतात.

वर्गणीच्या फेरीलाही अशीच जोडी पाठवावी. ज्येष्ठांना चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढवत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे तळमजला आणि पहिला मजला द्यावा, आणि वरच्या मजल्यांवर पोरांनी जावे. पण पहिल्या दिवशी तरी सर्व घरी दोघे मिळून जावेत, लागेल तिथे थांबत. दाराशी उभे राहून काय बोलावे, कोणाला अहो-जाहो आणि कोणाला काकू, पावती देताना नाव पूर्ण कसे लिहावे, हे कोणत्याही सूचनापत्रकात लिहिता येत नाही.

नियम वाचणारा कोण

काही वाद मुळात दोन पिढ्यांचे नसतातच, ते कायद्याने आधीच सोडवलेले असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ही वाक्ये आजोबांनी वाचली तर उपदेश वाटतो. म्हणून परवान्यावरच्या अटी वाचायचे काम डीजेच्या बाजूने सर्वांत हिरिरीने बोलणाऱ्या मुलाकडे द्यावे, आणि मूर्तीच्या साहित्याविषयीचे नियम वाचायचे काम ‘प्लास्टरशिवाय उंच मूर्ती होतच नाही’ म्हणणाऱ्या ज्येष्ठाकडे. स्वतःच्या तोंडाने वाचलेला नियम माणूस कमी नाकारतो.

कायद्याचीच आणखी एक बाजू मंडळे सोयीने विसरतात. मंडळ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असेल तर विश्वस्तांमध्ये झालेला बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. अनेक ठिकाणी नोंदीत अजून जुनीच नावे असतात. काहींचे तर निधन झालेले असते. रात्रंदिवस राबणाऱ्या पोराचे नाव कागदावर कुठेच नाही आणि वर त्याला ‘तुमची जबाबदारी’ म्हणून ऐकवायचे, हे फार काळ चालत नाही. बैठकीत गोड बोलण्यापेक्षा तो बदल अर्ज भरून टाकल्याने जास्त फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

अरे-तुरे आणि निरोप्ये

चाळीत सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे बँकेत अधिकारी असलेल्या तिशीच्या बाईंना बैठकीतही “ए पिंके” अशी हाक येते. त्यात माया असते हे सर्वांना मान्य आहे. पण जिला घरच्या नावाने हाक मारली जाते तिचा मुद्दाही घरगुती समजला जातो. म्हणून बैठकीपुरते सर्वांना पदाने किंवा नावापुढे ‘ताई’, ‘दादा’, ‘काका’ लावून आणि ‘तुम्ही’ म्हणून बोलावे. बैठक संपली की पिंकी पुन्हा पिंकी. पहिल्या दोन बैठकांत हे नाटकी वाटते, तिसऱ्या बैठकीपर्यंत अंगवळणी पडते.

मधल्या पिढीला, म्हणजे माझ्याच वयाच्या लोकांना, एक वेगळे सांगणे आहे. आपण दोन्हीकडचे निरोप वाहतो आणि त्यालाच समन्वय समजतो. ‘अण्णा रागावलेत’ हे पोरांना सांगायचे आणि ‘पोरे ऐकत नाहीत’ हे अण्णांना; दोन्हीकडे आपण शहाणे ठरतो आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलण्याची गरजच उरत नाही. निरोप आणणाऱ्याला ‘चला, दोघे मिळून त्यांच्याकडे जाऊ’ असे म्हणावे. मी हे फार उशिरा शिकलो. डीजेच्या वेळी मला दोन्ही बाजूंची कुणकुण होती आणि वाईटपणा नको म्हणून मी गप्प राहिलो होतो.

एवढे करूनही काही बाबतीत एकमत होत नाही. तेव्हा मतदानाने एका पिढीला हरवण्यापेक्षा ‘एक वर्ष करून पाहू’ असा ठराव करावा आणि त्याच ठरावात तो कसा तपासायचा ते लिहावे: खर्च किती झाला, तक्रारी किती आल्या, मिरवणूक किती वाजता परतली. तपासणीची बैठक अनंत चतुर्दशीनंतर महिन्याभरात घ्यावी. आमच्याकडे ‘पितृपक्षात हिशोब नको’ आणि ‘नंतर कोणी येत नाही’ या दोन्ही हरकती असतात, म्हणून घटस्थापनेनंतरचा पहिला रविवार आम्ही कायमचा धरून ठेवला आहे.

त्या बैठकीत हिशोबाबरोबर आणखी एक वही भरायची असते. ज्येष्ठांनी सांगायचे आणि तरुणांनी लिहायचे: सुताराचा फोन, मूर्ती कार्यशाळेतून काढताना कोणत्या बाजूने गाडी लावायची, कोणत्या वळणावर झाडाची फांदी आधी छाटून घ्यावी लागते, महाप्रसादाला किती किलो तांदूळ पुरले. प्रत्येक नोंदीपुढे ‘कारण’ असा एक रकाना ठेवावा आणि तो रिकामा सोडू नये. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अक्षरात लिहिले आहे: चौथरा दीड हात. कारण: २६ जुलै २००५. त्याखाली अण्णांची सही आहे.